मला तेवढे शिवत नाहीत

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. त्यांच्या हातचा कोट अंगावर चढवला की पोक काढून चालणारा माणूससुद्धा ताठ दिसतो, अशी गल्लीत त्यांची ख्याती होती. दुकान खाली, घर वर, मधे अरुंद लाकडी जिना. दिवसभर ते गळ्यात टेप अडकवून उभे असायचे. दारात गिऱ्हाईक आलं की फारसं न बोलता त्याला हात वर करायला लावायचे, छाती, कंबर, खांदा, बाही मोजायचे आणि मोजता मोजता त्याच्या पाठीवर थाप मारून "सरळ उभे राहा" असं बजावायचे. बँकेतला साहेब असो की हमाल, मास्तरांच्या हाताखाली सगळे सारखे. बोलणं मात्र कमी. कापड बेतावं तसे ते शब्द बेतून वापरायचे, आणि हसणं तर त्याहून बेताचं.

त्यांची बायको अगदी उलट. मास्तरांची बायको म्हणून सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. बोलण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. ती पाव आणायला गेली तर पाववाल्यासकट रांगेतली सगळी माणसं हसवून परत यायची. आणि तिचा एक विनोद ठरलेला होता. लग्नकार्यात, कुणाच्या घरी, कुठंही चार माणसं जमली आणि कुणी मास्तरांच्या कामाचं कौतुक केलं, की ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "अख्ख्या गल्लीला कपडे शिवतात आमचे हे. मला तेवढे शिवत नाहीत."

लोक पोट धरून हसायचे. बायका तोंडाला रुमाल लावायच्या. समोरच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणारा घड्याळजी मास्तरांचा जुना दोस्त, तो तर हसून हसून डोळे पुसायचा. मास्तरही हसायचे, ओठाच्या एका कोपऱ्यातून. बायको वर्षानुवर्षं तेच तेच कपडे घालते हे खरंच होतं. गिऱ्हाइकांची कामं संपत नव्हती आणि घरच्यांची पाळी येत नव्हती. दिव्याखाली अंधार असायचाच, असं ते मनाशी म्हणायचे. विनोद आपल्याला कळला आहे, याविषयी त्यांना कधी शंका आली नाही.

हा विनोद सुरू होण्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले होते. मूल झालं ते मेलेलंच. तीही मरणाच्या दारातून परत आली. इस्पितळाच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेतलं. "त्यांच्या अंगात आता काही उरलेलं नाही. काही महिने जपा त्यांना. मी काय म्हणतोय ते समजलं ना?"

मास्तरांनी मान हलवली. त्यांना समजलं होतं. खाटेखालच्या बादलीतले रक्तानं भिजलेले कपडे त्यांनी पाहिले होते. हे आपल्यामुळे झालं, आपण जवळ गेलो म्हणून झालं, असं त्यांच्या मनानं तिथंच घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी आपली गादी खाली दुकानात नेली आणि कापड बेतायच्या मोठ्या टेबलावर अंथरली. ती वर, ते खाली. जपायचं म्हणजे जपायचं. महिने गेले, तिच्या चेहऱ्यावर रंग आला, आवाज पूर्वीसारखा खणखणीत झाला. पण जपणं थांबवायचं कधी, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं आणि मास्तरांनी विचारलं नव्हतं. असली गोष्ट विचारायची तरी कुणाला?

एकदा जेवताना ती म्हणाली, "खाली गारठा असतो. आता वर झोपत जा."

"मला सवय झालीय," मास्तर म्हणाले. "शिवाय सकाळी लवकर कामाला लागता येतं."

ती ताटं उचलून घेऊन गेली. मास्तरांना वाटलं, बरं झालं, तिला पटलं.

गादी कायमची खालीच राहिली. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. तिनं जिन्यावरून हाक मारली की ते जेवायला वर यायचे. तिला ताप आला तर धावत जाऊन औषध आणायचे आणि तिच्या उशाशी ठेवायचे. उशाशी ठेवायचे, हातात द्यायचे नाहीत. हे इतकं अंगवळणी पडलं की त्यात काही वेगळं आहे हेही त्यांच्या ध्यानात येईना. दुसरं मूल झालं नाही. कुणी विषय काढला की मास्तर मान खाली घालून मशीन जोरात चालवायचे.

विनोद सुरू झाला तो त्यानंतर. आणि तो बरेचदा ऐकून झाल्यावर, घड्याळजीच्या मुलीच्या लग्नात, मास्तरांना पहिल्यांदा तो लागला. मांडवातल्या निम्म्या पुरुषांच्या अंगावर त्यांनी शिवलेले कोट होते, आणि त्यांची बायको कोपरांशी विरलेला जुना कोट घालून मधोमध उभी राहून लोकांना हसवत होती. आपण हिला एवढंही देऊ नये, असं त्यांच्या मनात आलं.

त्यांनी गडद हिरवं लोकरी कापड आणलं. तिच्या नकळत, गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून, कोट शिवायला घेतला. अस्तर तपकिरी घातलं, काजं हातानं केली. इतकं मन लावून त्यांनी आयुष्यात काही शिवलं नव्हतं. कोट तयार झाल्यावर ते तो हातावर टाकून जिना चढून गेले.

ती बघतच राहिली. मग म्हणाली, "माप कधी घेतलंत माझं?"

"तुझा जुना कोट खुंटीला होता. त्यावरून बेतला."

तिनं कोट अंगात घातला. मग खोलीच्या मधोमध येऊन दोन्ही हात जरा बाजूला धरून उभी राहिली, गिऱ्हाईक उभं राहतं तशी. "एकदा घेऊन बघा ना माप. कुठं कमीजास्त असेल."

"गरज नाही. मला नजरेनंच कळतं," मास्तर अभिमानानं म्हणाले. "खांद्यात बघ कसा बसलाय."

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं हात खाली घेतले, आपली आपण बटणं लावली आणि म्हणाली, "छान झालाय."

पुढच्या वेळी कुणाकडे तरी जेवायला गेले तेव्हा तिनं तोच कोट घातला होता. सगळ्यांनी कोटाची तारीफ केली. आणि तिनं कमरेवर हात ठेवून पुन्हा तेच म्हटलं, "अख्ख्या गल्लीला कपडे शिवतात, मला तेवढे शिवत नाहीत." लोक पूर्वीपेक्षा जास्त हसले. घड्याळजीला तर ठसकाच लागला. मास्तरांना हे काही समजेना.

घरी परतताना ते म्हणाले, "नवा कोट अंगावर असताना तेच म्हणतेस. लोक काय समजतील?"

ती चालता चालता थांबली. "लोकांचं सोडा. तुम्ही काय समजलात?"

"मी काय समजायचं? शिवून दिला ना तुला कोट?"

"दिलात खरा," ती म्हणाली आणि चालू लागली.

वर्षं गेली. तयार कपड्यांची दुकानं झाली, कोट शिवून घेणारी माणसं म्हातारी झाली, मग एकेक करून गेली. मास्तरांची नजर अधू झाली. सुईत दोरा ओवून द्यायला ते बायकोला हाक मारायचे आणि ती ओवलेली सुई सुया खोचायच्या छोट्या उशीवर टोचून ठेवायची. मग तीच विसरायला लागली. आधी चूल विझवायला, मग शेजाऱ्यांची नावं, मग दिवस आणि वेळ. डॉक्टर म्हणाले, याला औषध नाही, हे असंच वाढत जाणार. पाववाल्याच्या रांगेत आता ती नुसती उभी राहायची आणि लोक तिला हाताला धरून घरी आणून सोडायचे. विनोद केव्हा थांबला, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एका सकाळी मास्तर चहा घेऊन वर गेले तेव्हा तिचं अंथरूण आणि कपडे ओले झाले होते. ती खाटेच्या कडेला बसून कुडकुडत होती. मास्तरांनी गरम पाणी आणलं, धुतलेले कपडे काढले. आता आपल्यालाच करायला हवं, असं म्हणत त्यांनी तिच्या दंडाला हात लावला. चटका बसावा तसा तिनं दंड मागे घेतला.

"शिवू नका मला."

"अगं, मी आहे. कपडे बदलू या."

"कोण तुम्ही?" ती भिंतीला टेकली. तिच्या डोळ्यांत सरळ भीती होती. "मला कुणी शिवत नाही. आमचे हेसुद्धा मला शिवत नाहीत. तुम्ही कोण शिवणारे?"

मास्तर कोरडे कपडे हातात घेऊन उभे राहिले.

हा शब्द त्यांच्या दुकानात सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोळत असायचा. सदरा शिवायचा, पिशवी शिवायची, फाटलेलं शिवायचं. लहानपणी शिवाशिवी खेळताना तो दुसऱ्या अर्थानंही त्यांच्या तोंडी होता, नाही असं नाही. पण सुई हातात आली आणि तो अर्थ कुठं गेला त्यांना कळलंच नाही. आता बायकोनं तो अगदी साधेपणानं, हसू नाही, कमरेवर हात नाही, असा त्यांच्यासमोर ठेवला होता. मला तेवढे शिवत नाहीत. त्यांना ते सगळे लग्नाचे मांडव आठवले, रुमाल तोंडाला लावलेल्या बायका आठवल्या, हिरवा कोट घालून हात बाजूला धरून उभी राहिलेली ती आठवली. ते खाटेपासून लांब, जमिनीवरच बसले.

ती थंडीनं कापत होती आणि ते तिच्याजवळ जाऊ शकत नव्हते. शेवटी ते उठून समोर गेले आणि घड्याळजीच्या बायकोला बोलावून आणलं. तिनं वर जाऊन दार लावून घेतलं. मास्तर घड्याळजीच्या दुकानात जाऊन बसले.

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून काम करत होता. मास्तरांनी काचेखाली मांडलेली घड्याळं बघितली. मग म्हणाले, "एक विचारायचं होतं. आमची ही नेहमी म्हणायची बघा, गल्लीला शिवतात, मला शिवत नाहीत. तुम्ही हसायचात."

"हसायचो की."

"कशाला हसायचात?"

घड्याळजीनं भिंग काढून ठेवलं. "मास्तर, इतक्या वर्षांनी हे काय काढलंत?"

"मला वाटायचं, ते कपड्यांवरून आहे."

घड्याळजी त्यांच्याकडे बघत राहिला. आधी त्याला वाटलं, मास्तर चेष्टा करताहेत. पण मास्तर चेष्टा कधी करत नसत. "आम्हाला वाटायचं, तुम्ही हसण्यावारी नेता," तो हळूच म्हणाला. "कसा मोठ्या मनाचा माणूस आहे, बायको चारचौघांत असं बोलते तरी हसतो, असं म्हणायचो आम्ही."

"सगळे?"

घड्याळजीनं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं, पण समोरच्या घड्याळाला हात लावला नाही.

रविवारी बायकोची धाकटी बहीण आली. ती दुसऱ्या गावी असायची, ताई आजारी झाल्यापासून अधूनमधून बस पकडून यायची. तिनं ताईला जेवू घातलं, निजवलं आणि स्वयंपाकघरात भांडी विसळायला उभी राहिली. मास्तर दाराशी येऊन थांबले.

"तुझी ताई तुला कधी काही बोलली होती का?" त्यांनी विचारलं. "माझ्याबद्दल. मी खाली झोपायचो त्याबद्दल."

धाकटीचा हात थांबला. "आता कशाला दाजी ते?"

"सांग तू."

"आधी रडायची," धाकटी पाठमोरीच बोलू लागली. "मी म्हटलं, सरळ सांग ना त्यांना. तर म्हणाली, सरळ सांगायची लाज वाटते गं. हसत हसत सांगते, म्हणजे त्यांनाही लागणार नाही आणि कळेलही. म्हणून तिनं ते काढलं. पहिल्यांदा बोलली तेव्हा घरी येऊन वाट बघत बसली होती."

"मला कळलं नव्हतं," मास्तर म्हणाले.

धाकटी वळली. ओल्या हातांनी तशीच त्यांच्याकडे बघत राहिली. "काय म्हणताय?"

"खरंच नव्हतं कळलं. परवा कळलं."

"अहो दाजी," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. तिला पुढचं बोलावं की नाही ते कळेना. पण मास्तर जागचे हलेनात, म्हणून बोलली. "तिला वाटायचं, तुम्हाला कळतं. कळून तुम्ही न कळल्यासारखं करता. कोट दिलात ना, तेव्हा तर तिची खात्रीच झाली. मला म्हणाली, त्यांनी मला उत्तर दिलं गं. कोट घे आणि गप्प बस, असं उत्तर दिलं."

"मग ती ते बोलायची थांबली का नाही?"

"मीही विचारलं होतं. म्हणाली, लोक हसतात ते बरं वाटतं. घरात तर कुणी हसत नाही."

धाकटी संध्याकाळच्या बसनं गेली. मास्तर पुढचे बरेच दिवस एकच गोष्ट मनात घोळवत राहिले. झालं ते झालं, ते आता निस्तरता येणार नव्हतं. पण तिनं ज्याला नकार समजून सगळा जन्म काढला, तो नकार नव्हता, एवढं तरी तिला सांगायला हवं होतं. ते निव्वळ मठ्ठपण होतं. मठ्ठ माणसाला क्षमा करता येते, असं त्यांना वाटलं.

तिची मधूनच एखादी दुपार बरी जायची. अशाच एका दुपारी ती खिडकीशी शांत बसली होती. मास्तर तिच्यापासून जरा अंतर ठेवून स्टुलावर बसले.

"एक सांगायचंय तुला," ते म्हणाले. "तू ते म्हणायचीस ना, गल्लीला कपडे शिवतात, मला शिवत नाहीत. मला ते कळलं नव्हतं. मला फक्त सुईदोऱ्याचं शिवणं कळायचं. तुला मुद्दाम टाळलं नाही मी. आधी भीती वाटायची, तुला पुन्हा काही होईल म्हणून. मग सवय झाली. तू काय सांगत होतीस ते मला कळलंच नाही."

ती लक्ष देऊन ऐकत होती. अनोळखी पाहुण्याचं ऐकावं तशी, मान हलवत. त्यांचं बोलणं संपल्यावर तिनं थोडा विचार केला.

"म्हणजे शिवणं दोन तऱ्हेचं," ती म्हणाली.

"हो," मास्तर पुढे सरकले. "हो, तेच."

"छान आहे." ती हसली, शिष्टाचार म्हणून हसतात तसं. "आमच्या ह्यांना सांगा. ते शिंपी आहेत. पण त्यांना हसू येत नाही फारसं." आणि ती पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली.

मास्तरांनी आणखी दोनदा प्रयत्न केला. एकदा ती ऐकता ऐकता झोपून गेली. एकदा हा माणूस माझ्या खोलीत का येतो, म्हणून रडायला लागली. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही.

तिची उस्तवार करायला एक नर्सबाई ठेवली. रोज सकाळी यायची, अंधार पडायच्या आत जायची. धिप्पाड, मोकळ्या स्वभावाची बाई. तिनं पहिल्याच दिवशी मास्तरीणबाईला न्हाऊ घातलं, पावडर लावली, आणि ती लहान मुलीसारखी तिच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. मास्तर दारात दिसले की मात्र ती अंग चोरून घ्यायची. "तुम्ही बाहेरच थांबा," नर्सबाई म्हणाली. "बिचकतात त्या तुम्हाला. राग मानू नका, या आजारात असं होतंच." मास्तर जिन्यावर बसायला लागले. आत पाणी ओतल्याचा आवाज यायचा, मधेच दोघींच्या हसण्याचा.

थंडी वाढली तशी तिचं बोलणं गेलं. मग ती बिचकायचीही थांबली. दिवसचे दिवस डोळे मिटून पडून राहायची. एकदा घरी निघताना नर्सबाईनं मास्तरांना आत बोलावलं.

"बसा जवळ. हात धरा त्यांचा. आता काही म्हणणार नाहीत."

मास्तर खाटेशेजारच्या खुर्चीत बसले. तिचा हात चादरीवर उघडा पडला होता, बोटं अर्धवट मिटलेली. मास्तरांनी त्या हाताकडे नीट पाहिलं. तो किती सुकला आहे, ते त्यांना आत्ता दिसलं.

"तिला नको म्हणता येत नाही आता," ते म्हणाले.

"म्हणून तर सांगतेय."

"म्हणूनच नको."

नर्सबाईला काही उलगडलं नाही. रात्रीचं औषध कुठलं ते तिनं दाखवलं, पिशवी खांद्याला लावली आणि ती गेली. मास्तर खिडकीतला उजेड जाईपर्यंत तिथं बसले, हात मांडीवर ठेवून.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मास्तरीणबाई गेली. दुपारची वेळ होती, नर्सबाई तिचे केस विंचरत होती. नर्सबाईनं दोनदा हाक मारली तेव्हा मास्तर जिन्यावरून उठले, खोलीच्या दारापर्यंत आले आणि उंबऱ्याबाहेर थांबून त्यांनी विचारलं, "आत येऊ का?"